बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) कास्टिंगवर वाळूचा किती परिणाम होतो? किनाऱ्यावरची वाळू चालेल का?

रत्नागिरी_मोल्डर:
छोटी फौंड्री आहे, बोटीच्या विंचच्या पुल्या आणि पंपाचे पार्ट ओततो, सगळं ग्रे आयर्न (ग्राफाइटवालं साधं बीड), ग्रीन सँडमध्ये, म्हणजे बेंटोनाइट माती आणि पाणी मिसळलेल्या ओल्या वाळूच्या साच्यात. पाऊस सुरू झाला की पुलीची पातळ कड एवढी कडक येते की ड्रिल नुसतं घासत बसतं, आणि मशीनिंगला लावली की कातडीखाली बारीक बारीक पिनहोल (सुईएवढी भोकं). चार्ज (भट्टीत टाकायचा माल) तोच, भट्टी तीच. मग वाळूमुळे आतलं लोखंडच बदलतं की फक्त वरची फिनिश? आणि शेठ म्हणतायत समोर समुद्र असताना वाळू विकत कशाला आणायची?

कोल्हापूर_ओतारी:
लोखंडच बदलतं दादा. रस सावकाश थंड झाला तर कार्बन ग्राफाइट होऊन बाहेर पडतो, कडेला उष्णता झटकन ओढली गेली की तोच सिमेंटाइट (लोखंड-कार्बनचं कडक संयुग) होऊन बसतो, म्हणजे पांढरं बीड, त्यात ड्रिल कसलं जातंय! ओली वाळू उष्णता जास्त ओढते आणि वर तिची वाफ रसाशी रिअ‍ॅक्ट होऊन हायड्रोजन सोडते, तेच तुमचे पिनहोल, स्क्रॅपमधून अ‍ॅल्युमिनियम आलं असेल तर अजून वाढतात. ओलावा ३ ते ४ टक्क्यांत ठेवा. पावसाळ्यात वाळू आधीच दमट असते आणि मिक्सरवरचा माणूस सवयीने उन्हाळ्याएवढंच पाणी ओततो, तिथे आधी बघा. पण कडकपणाचं सगळं खापर वाळूवर नको, सिलिकॉन कमी पडला किंवा इनॉक्युलेशन (ग्राफाइट नीट बनावं म्हणून ओतण्याआधी रसात टाकतात ती फेरोसिलिकॉनची पूड) नीट झालं नाही तरी कड पांढरी येते. प्रत्येक लॅडलची (रस ओतायच्या भांड्याची) वेज, म्हणजे पाचरीच्या आकाराचा नमुना, ओतून फोडून बघा, तिथे पांढरं कमी आणि पुलीत जास्त असेल तर मग वाळूच.

कणकवलीकर:
समुद्राची वाळू अजिबात नको!! त्यात शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तापलं की कार्बन डायऑक्साइड सोडणार आणि ब्लो होल (गॅसची मोठी भोकं) वाढणार. मिठाने बेंटोनाइटची पकड जाते. मीठ धुवून जाईल हो, शिंपले कुठे जाणार? आमच्या कासार्ड्याला चांगली सिलिका वाळू निघते, तीच बघा.

रत्नागिरी_मोल्डर:
धन्यवाद, शेठना दाखवतो. वाळूत मिसळतो त्या कोल डस्टचा (कोळशाच्या पुडीचा) धूर फार होतो म्हणून पोरं ती बंद करा म्हणतायत, केली तर?

कोल्हापूर_ओतारी:
बंद नका करू. तिच्या गॅसमधून वाळूच्या कणांवर चकचकीत कार्बनचा थर बसतो म्हणून रस वाळूला चिकटत नाही, आणि सिलिका ५७३ डिग्रीला एकदम फुगते तेव्हा कोळसा जळून झालेली जागा कामी येते, नाहीतर स्कॅब, म्हणजे साच्याची वाळू सुटून कास्टिंगवर खडबडीत पापुद्रे येतात. पण पोरांचं खरं आहे, धूर छातीला वाईट, एक्झॉस्ट फॅन लावाच. अजून एक, ठोकणी कमी पडली तर ग्राफाइट फुगताना साच्याची भिंत मागे सरकते आणि जाड हबमध्ये (पुलीच्या मधल्या भागात) श्रिंकेज, म्हणजे आतून पोकळी, येतं. हब कापून बघितलाय का कधी? फोटो टाका.