हवाईची पपई विसरू नका

जनुकबदल केलेली फळं म्हणजे फक्त बड्या कंपन्यांचा नफा, असं अनेकदा म्हटलं जातं. मला ते सरसकट पटत नाही. हवाईतली 'रेनबो' पपई बघा. 1992 मध्ये तिथल्या पुना भागात रिंगस्पॉट विषाणू शिरला आणि बागाच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. हवाईतच जन्मलेले वनस्पतीरोगतज्ज्ञ डेनिस गोन्साल्विस आणि त्यांचे सहकारी आधीपासून उपाय शोधत होते. त्यांनी विषाणूच्याच आवरण-प्रथिनाचं जनुक पपईत घातलं, त्यामुळे झाड त्या विषाणूला दाद देईना. हे काम मुख्यतः विद्यापीठं आणि सरकारी संशोधकांचं. 1998 मध्ये बियाणं शेतकऱ्यांना सुरुवातीला फुकट वाटलं गेलं.

जपानने मात्र या पपईच्या आयातीला परवानगी 2011 मध्ये दिली, तीही लेबल लावण्याच्या अटीवर. ती अट मला अगदी रास्त वाटते. काय खातोय हे गिऱ्हाइकाला कळलंच पाहिजे. शेजारच्या सेंद्रिय बागांत पराग जातो, ही तक्रारही खरी आहे आणि तिचं उत्तर परवानगी देणाऱ्यांनी द्यायला हवं.

हाच रोग आपल्या खानदेशातल्या पपईवरही येतो. म्हणून सरसकट बंदीऐवजी एकेक फळ स्वतंत्रपणे, उघड चाचण्यांवर तपासलं जावं.