क्लाउडवरचं टॅली रोज दुपारी अडकतंय, सर्व्हर बदलू का नेट?

टॉवेलवाला_सोलापूर | मंगळवार, दुपारी ३:४०

मदत हवी आहे, जरा लवकर. एप्रिलपासून टॅली (आमचं बिलांचं, हिशेबाचं सॉफ्टवेअर) क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर टाकलंय. सकाळी काही त्रास नाही. दुपारी तीननंतर बिलं करायला बसलं की स्क्रीन थिजते, एक अक्षर दाबलं की दिसायला पाच-सहा सेकंद. आत्ता टेम्पो भरून दारात उभा आहे आणि बिल निघत नाही. क्लाउडवाला म्हणतो तुमचं नेट खराब. नेटवाला म्हणतो स्पीड बरोबर आहे, सर्व्हर बघा. मागांना सेन्सर बसवून देणारा म्हणतो दोघांनाही बदला. वर्षाचे पैसे आधीच घेतलेत. सर्व्हर बदलू का नेट बदलू, एवढंच सांगा.

बाळीवेसकर | ३:४६

मालक, आधी गाडी मार्गी लावा, बाकीचं नंतर बघू. मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करा, कॉम्प्युटर त्याला जोडा आणि बिल करून बघा. तेही नाही झालं तर माल वाहतुकीचं ई-वे बिल सरकारी पोर्टलवरून थेट काढता येतं, त्याला टॅली लागतंच असं नाही.

हिशेबनीस | ३:५२

ई-वे बिलाचं म्हणताय, पण उलाढाल किती आहे? १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर असेल तर व्यापाऱ्याला केलेल्या बिलाला ई-इन्व्हॉइस लागतं. आधी आयआरएन (पोर्टलवर बिल नोंदवून मिळणारा नंबर) घ्या, मग ई-वे. नाहीतर ज्याला माल पाठवताय त्याचं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) अडकेल.

टॉवेलवाला_सोलापूर | ४:०५

हॉटस्पॉटवर झालं, गाडी गेली. धन्यवाद बाळीवेसकर. आयआरएन आम्ही काढतोच, तो प्रश्न नाहीये. म्हणजे नेटच खराब ना? आजच दुसरं कनेक्शन सांगतो.

नेट_दुरुस्ती | ४:११

थांबा, पैसे भरू नका. हॉटस्पॉटवर चाललं याचा अर्थ सर्व्हर ठीक आहे आणि तुमच्या लाइनवर काहीतरी होतंय. लाइन खराब आहे असा अर्थ त्यातून निघत नाही. खराब असती तर सकाळीही अडकलं असतं. हे सांगा: १) कारखाना आणि ऑफिस एकाच जागी का? २) टॅलीवर एका वेळी किती जण? ३) प्लॅन कितीचा, फायबर आहे का छतावर अँटेना? ४) स्पीड टेस्टमधला अपलोडचा, म्हणजे तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या डेटाचा आकडा. डाउनलोडचा नको.

जुने_कारखानदार | ४:३०

मी स्पष्ट सांगतो, टॅली परत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घ्या. साखर पेठेत माझे वडील चोपडीवर हिशेब ठेवत, नंतर आम्ही कॉम्प्युटर घेतला, आजपर्यंत एक बिल अडकलेलं नाही. आपला हिशेब दुसऱ्याच्या मशीनवर ठेवायचाच कशाला? १९ जुलै २०२४ ला बघितलंत ना, जगभर विमानं थांबली, आपल्याकडे विमानतळावर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. हा क्लाउडचा भरवसा.

नेट_दुरुस्ती | ४:३८

काका, त्या दिवशीचा तो गोंधळ मुख्यतः क्लाउडमुळे नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बसले. त्यातले कितीतरी लोकांच्या टेबलावरचेच होते. तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर असतं तर तोही बसला असता.

जुने_कारखानदार | ४:४४

माझ्यावर नव्हतं, म्हणून बसला नाही. माझा मुद्दा तोच आहे. जितक्या गोष्टी जोडाल तितक्या ठिकाणी अडेल.

टॉवेलवाला_सोलापूर | ५:२०

कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, ऑफिस तिथेच वरच्या मजल्यावर. टॅलीवर तिघं. एक मी, एक अकाउंटंट, एक सीए घरून. प्लॅन १०० एमबीपीएसचा. फायबर नाही, छतावर अँटेना आहे. स्पीड आत्ता ९४ आला. म्हणजे चांगलाच आहे की.

नेट_दुरुस्ती | ५:२३

अपलोड?

टॉवेलवाला_सोलापूर | ५:३१

९.

चिंचोळी_एमआयडीसी | ५:४०

९ म्हणजे फारच कमी. पण मला वाटतं सर्व्हर लांब असणार. क्लाउडवाल्याला विचारा सर्व्हर कुठे आहे. मुंबईला असेल तर हैदराबादला घ्या, सोलापूरला जवळ पडतं. आमच्याकडे तसंच केलं.

नेट_दुरुस्ती | ५:५५

अंतराचा इथे संबंध नाही. फायबरमधून सिग्नल सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सोलापूर ते मुंबई ४०० किलोमीटर धरा, जायला-यायला मिळून ४ मिलिसेकंद. वळणं, राऊटर सगळं धरून २०-३० होतील. हैदराबादला हलवून फार तर काही मिलिसेकंद वाचतील. ह्यांना पाच सेकंद लागतायत, म्हणजे ५००० मिलिसेकंद. तो उशीर रस्त्यात होत नाही, कारखान्याच्या दारातच होतोय.

टॉवेलवाले, त्या राऊटरवर टॅलीशिवाय काय काय जोडलंय? एकूण एक वस्तू सांगा.

टॉवेलवाला_सोलापूर | ६:१०

काही विशेष नाही. २४ मागांचे सेन्सर, दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, मोबाईल. सेन्सरमुळे होत असेल का? ते पण एप्रिलमध्येच लागले.

माग_मित्र | ६:२२

सेन्सरमुळे अजिबात नाही! मी हेच काम करतो म्हणून सांगतो. मागाच्या शाफ्टजवळ प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो, एका फेऱ्याला एक पल्स, म्हणजे एक पिक (बाण्याचा एक धागा). गेटवे (सेन्सरचे आकडे गोळा करणारा डबा) ते मोजतो आणि मिनिटाला एकदा आकडा पाठवतो. २४ मागांचा मिळून मिनिटाला काही किलोबाइटचा डेटा. एक व्हॉट्सॲप फोटो त्यापेक्षा मोठा असतो. फक्त एक विचारून घ्या, वीज गेली किंवा नेट गेलं तर गेटवे आकडे स्वतःकडे साठवतो का. साठवत नसेल तर डॅशबोर्डवर (आकडे दाखवणाऱ्या पडद्यावर) माग बंद दिसेल आणि कामगाराच्या नावावर फुकट तूट पडेल. याच्यावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. तुमचा डॅशबोर्ड कसा आहे? माग थांबण्याचं कारण भरायला बटण दिलंय का?

जॉबर_सोलापूर | ६:४०

बटण लई म्हत्त्वाचं हाय बगा. सेन्सर म्हनतो माग थांबला. का थांबला ते त्याला कळत न्हाई. बाण्याचा धागा तुटला, ताण्याचा तुटला, बीम संपली का लाइट गेली, चारी वेगळी कामं. आमच्या मालकानं टीव्ही लावला हाय, लाल झालं की वरडतो. मी मागाजवळ गेलो की आवाजावरनंच कळतं. टेरीचा माग बिघडायला लागला की आधी ठोका बदलतो, आन् लूप बारीक-मोठं यायला लागतं. ते टीव्हीवर येत न्हाई.

माग_मित्र | ६:४८

जॉबरदादा, माग दुरुस्त ठेवणारे तुम्ही, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण तुम्ही एका पाळीला. रातपाळीला तुमचा कान कुठे असतो? सकाळी मालकाला कळायला नको का की सात नंबरचा माग पहाटे दोन तास उभा होता? सेन्सर तेवढंच सांगतो आणि तेवढंच सांगावं.

जॉबर_सोलापूर | ६:५३

रातीला बी जॉबर असतो. पगार द्या म्हंजे झालं.

पुणेकर_खरेदी | ७:०५

धाग्याचा विषय नाही पण विचारतो, तुम्ही टॉवेल किरकोळ विकता का? घरच्या कार्यासाठी हवेत. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे म्हणतात, तसं टॉवेललाही आहे का?

बाळीवेसकर | ७:१२

दोन्हीला आहे, चादर आणि टेरी टॉवेल. किरकोळ घ्यायचं तर शहरात दुकानं भरपूर आहेत. इथे माणूस अडचणीत आहे, खरेदीचा धागा वेगळा काढा.

नेट_दुरुस्ती | ७:२०

सेन्सर नाहीत याच्याशी सहमत. मालक, यादीत कॅमेरे दिसले नाहीत. एमआयडीसीतला कारखाना आणि कॅमेरे नाहीत?

टॉवेलवाला_सोलापूर | ७:३५

कॅमेरे आहेत की, १२. पण ते डीव्हीआरवर (रेकॉर्डिंगच्या डब्यावर) आहेत, क्लाउडवर नाहीत. सगळं रेकॉर्डिंग कारखान्यातच राहतं. त्याचा नेटशी संबंध नाही.

नेट_दुरुस्ती | ७:३८

बाहेरून मोबाईलवर कोणी बघतं का?

टॉवेलवाला_सोलापूर | ७:५०

मोठे बंधू पुण्यात असतात, ते बघतात. साडेतीनला पाळी बदलते तेव्हा तीनपासून लावून बसतात, पाचपर्यंत.

नेट_दुरुस्ती | ८:२०

मग उत्तर बहुतेक इथेच आहे. सविस्तर लिहितो, कारण हीच अडचण असलेले कारखाने एमआयडीसीत अजून असणार.

पुण्यात बसून कॅमेरा बघणं म्हणजे तुमच्या कारखान्यातून पुण्याला व्हिडिओ पाठवणं. तुमच्यासाठी तो अपलोड आहे. एक एचडी कॅमेरा साधारण २ एमबीपीएस खातो. १२ कॅमेरे एकदम उघडले तर २४. तुमच्याकडे आहे ९. उरलेलं राऊटरमध्ये रांगेत उभं राहतं.

आता टॅली. क्लाउडवर टॅली म्हणजे खरं टॅली दुसरीकडे चालतं, तुमच्याकडे फक्त त्याचा पडदा दिसतो. तुम्ही 'अ' दाबलात की तो इवलासा 'अ' अपलोडच्या त्याच रांगेत, कॅमेऱ्यांच्या व्हिडिओमागे उभा राहतो. त्याचा नंबर लागल्यावर सर्व्हरला कळतं, मग पडद्यावर दिसतं. म्हणून डाउनलोड ९४ असूनही काही उपयोग नाही. नेटवाला डाउनलोड बघून 'बरोबर आहे' म्हणाला, क्लाउडवाला सर्व्हर बघून 'बरोबर आहे' म्हणाला. खोटं कोणीच बोललं नाही, पण तुमची अख्खी वाट कोणी तपासलीच नाही. क्लाउड घेताना व्यापारी सर्व्हरची रॅम विचारतात, अपलोड कोणी विचारत नाही. विकणाराही सांगत नाही, याचा मला राग आहे.

उद्या तीनला हे करा. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) ping, क्लाउडवाल्याने दिलेला पत्ता आणि शेवटी -t असं लिहा; सर्व्हरपर्यंत जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते दिसत राहील. आकडे बघा. मग बंधूंना फोन करून पाच मिनिटं ॲप बंद करायला सांगा. पुन्हा आकडे बघा. इथे टाका.

लिनक्सप्रेमी | ९:१५

या सगळ्यावर एकच उपाय, विंडोज काढून लिनक्स टाका. ओपन सोर्स अकाउंटिंग भरपूर आहेत, लायसन्सचा खर्चच नाही.

हिशेबनीस | ९:३०

सीए टॅलीची फाइल मागतो, तिथे काय देणार? आणि हो, टॅलीत एडिट लॉग (नोंदीत कोणी काय बदललं याची नोंद) चालू आहे का बघा. १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे.

बाळीवेसकर | ९:३६

सक्ती कंपन्यांना आहे, कंपनी कायद्याखाली. भागीदारी किंवा एकट्याच्या फर्मला नाही. ठेवला तर चांगलंच, पण घाबरवू नका.

टॉवेलवाला_सोलापूर | बुधवार, दुपारी ३:२५

पिंग केलं. दोन वाजता २६-३० येत होतं. तीनला बंधूंनी कॅमेरे लावले आणि ११००, १४००, मधेच 'टाइम आऊट'. त्यांना बंद करायला लावलं, लगेच २८. टॅली पळायला लागलं. पुन्हा लावले, पुन्हा अडकलं. तिघांपैकी एकाने तरी हे आधी विचारायला नको होतं का? मी कामगार सोडून दिवसभर फोनवर होतो.

पण बंधू कॅमेरे बंद करायला तयार नाहीत. पाळी बदलताना माल बाहेर जातो का ते बघायचं असतं, ते त्यांचंही बरोबर आहे. आता काय?

नेट_दुरुस्ती | ३:४०

बंद करायची गरजच नाही. डीव्हीआरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याला दोन स्ट्रीम असतात, मेन (पूर्ण स्पष्ट) आणि सब (हलकी). रेकॉर्डिंग मेनवर राहू द्या, बंधूंच्या ॲपमध्ये सब स्ट्रीम निवडा. सबचा बिटरेट २५६ केबीपीएस ठेवलात तर १२ मिळून ३ एमबीपीएस. माणूस ओळखू येतो. एखादा कॅमेरा मोठा करून बघायचा असेल तेव्हा तेवढाच एक एचडीवर. शिवाय राऊटरमध्ये क्यूओएस (कोणाला किती वेग द्यायचा ती सोय) असेल तर डीव्हीआरला ४ एमबीपीएसची मर्यादा घाला. म्हणजे घरचे सगळे एकदम बघायला बसले तरी टॅलीला वाट मोकळी.

चिंचोळी_एमआयडीसी | ३:५८

किंवा कॅमेऱ्यांना वेगळं फोरजी सिम.

नेट_दुरुस्ती | ४:०२

तेही चालेल, पण आधी फुकटातला उपाय करू द्या.

जुने_कारखानदार | ४:२०

निदान झालं ते चांगलं झालं. पण माझा एक प्रश्न मनापासून आहे. क्लाउडवाल्याने उद्या दुकान बंद केलं तर ह्यांचे हिशेब कुठे?

हिशेबनीस | ४:३१

काकांचा हा प्रश्न योग्य आहे आणि सगळ्यांनी विचारावा. मालक, तुमच्या टॅलीचा बॅकअप तुमच्या हातात आहे का? का क्लाउडवाला 'आम्ही ठेवतो' म्हणाला तेवढंच?

टॉवेलवाला_सोलापूर | ४:४५

तो म्हणाला रोज होतो. मी पाहिलेला नाही.

नेट_दुरुस्ती | ५:१०

मग आज रात्री पाहा. टॅलीतून बॅकअप काढा, तो सर्व्हरवरून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवा, पेन ड्राइव्हवर घ्या. आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून कालचं बिल दिसतंय का ते बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका. आठवड्याला एक प्रत कारखान्याबाहेर, घरी.

दुसरं, तुम्ही आत कसे जाता? थेट आयपी टाकून रिमोट डेस्कटॉप, आणि तिघांना एकच पासवर्ड?

टॉवेलवाला_सोलापूर | ५:१४

हो. तसंच दिलंय.

नेट_दुरुस्ती | ५:२६

ते लगेच बदलून मागा. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट (आत जायचं दार) उघडा असला की जगभरचे चोर यंत्र लावून दिवसरात्र पासवर्ड ठोकून बघतात. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरण्याची ही नेहमीची वाट आहे. क्लाउडवाल्याला लेखी कळवा: व्हीपीएन (फक्त आपल्या माणसांसाठीची बंदिस्त वाट) द्या, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन द्या, ओटीपी चालू करा. अकाउंटंट सोडून गेला तर फक्त त्याचं बंद करता आलं पाहिजे. पैसे घेतलेत, हे त्यांचं कामच आहे.

टॉवेलवाला_सोलापूर | ७:५५

सब स्ट्रीम केली. बंधू म्हणतात चित्र जरा धुरकट आहे पण चालेल. बॅकअप उतरवायला लावलाय. व्हीपीएनचं पत्र अकाउंटंटकडून उद्या सकाळी पाठवतो.

कुंभारी_गारमेंट | ८:३०

मी युनिफॉर्म शिवतो, मशीन ४०. माझंही टॅली क्लाउडवर आहे आणि मधेच तुटतं, पण माझ्याकडे कॅमेरे नाहीत. काय असेल? लवकर सांगा.

नेट_दुरुस्ती | ८:३४

अपलोड किती?