काउंट्यांचा नकाशा रंगवताना : जिओकॅशिंगच्या सहलींची आखणी तुम्ही कशी केलीत?

सॅन होजे, कॅलिफोर्निया

२ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसच्या अचूकतेवर मुद्दाम घातलेली मर्यादा उठवली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एका हौशी माणसाने बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जिओकॅशिंग तिथून सुरू झाले. लपवलेला डबा (इंग्रजीत ‘कॅश’, cache) शोधायचा, आतल्या वहीत नाव घालायचे आणि तो होता तसाच परत ठेवायचा, एवढाच मूळ मामला. (माझ्या आईला मात्र फोनवर ‘कॅश शोधायला चाललो’ एवढेच ऐकू येते, तिला ती रोकड वाटते आणि ती अजूनही काळजीत पडते.) पुढे काहींना राज्यातल्या प्रत्येक काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) निदान एक डबा सापडलाच पाहिजे आणि नकाशावर ती काउंटी रंगलीच पाहिजे, असा ध्यास लागतो. कॅलिफोर्नियाच्या ५८ काउंट्या पुऱ्या करायला आम्हाला सहा वर्षे लागली आणि त्यांतली दोन तरी निव्वळ चुकीच्या आखणीपायी गेली, म्हणून हा धागा काढला आहे.

पहिली चूक अशी, की आम्ही जवळचे आधी उरकले. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या नऊ काउंट्या दोन शनिवार-रविवारांत झाल्या, नकाशा भराभर रंगला आणि आम्ही खूश झालो. ईशान्येच्या टोकाला असलेली मोडॉक काउंटी मात्र तशीच राहिली. पुढे तिच्यासाठी जाऊन-येऊन सातशे मैलांहून अधिक गाडी हाकली, आणि वाटेवरच्या काउंट्या आदल्या वर्षीच झालेल्या असल्यामुळे एवढ्या प्रवासात नकाशातले एकच घर भरले. दूरचे टोक आधी ठरवावे, वाटेवरचे सगळे त्याच फेरीत घ्यावे आणि घराजवळचे शेवटपर्यंत राखून ठेवावे, असे माझे आता ठाम मत आहे.

दुसरी चूक नावांनी करवली. युबा सिटीतल्या एका बागेत बाकाखाली चिकटवलेली डबी शोधून आम्ही समाधानाने घरी परतलो, तर नकाशावर युबा काउंटी पांढरीच. युबा सिटी हे सटर काउंटीचे मुख्य ठिकाण आहे. युबा काउंटीचे मुख्य ठिकाण मेरिसव्हिल, म्हणजे फेदर नदीच्या पलीकडच्या काठावर. एक पूल ओलांडायचा राहिला म्हणून तीनशे मैलांचा फेरा पुन्हा करावा लागला. किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यानही किंग्ज काउंटीत नाही. ते फ्रेस्नो आणि टुलारी काउंट्यांत येते, आणि किंग्ज काउंटी खाली सपाट शेतीच्या खोऱ्यात आहे.

शेवटी उरली ती आल्पाइन, राज्यातली सर्वांत कमी वस्तीची काउंटी. हिवाळ्यात तिथल्या एबेट्स आणि मॉनिटर या खिंडी बंद होतात आणि हायवे ८८ वरच्या कार्सन खिंडीवर भिस्त ठेवावी लागते. आम्ही नोव्हेंबरात त्याच वाटेने मार्कलीव्हिलजवळ पोहोचलो. डबी पाच मिनिटांत सापडली, पण झाकण थंडीने घट्ट बसलेले. मुलीने ती काखेत धरून ऊब दिली तेव्हा कुठे ते उघडले. आतला कागद दमट होता, त्यावर बॉलपेन उमटेना, आणि सही नाही तर डबा सापडला असे म्हणता येत नाही. गाडीत मुलीच्या चित्रकलेच्या पिशवीत बोटभर शिसपेन्सील निघाली, म्हणून ती काउंटी झाली.

तुम्ही क्रम कसा लावलात, शेवटी कोणती काउंटी उरली आणि का, हे सविस्तर लिहावे.

एडिसन, न्यू जर्सी

आमच्या राज्यात २१ काउंट्या असल्यामुळे क्रमाचा विचार करावाच लागला नाही. तीन रविवारांत त्या झाल्या. मला ऋतू जास्त महत्त्वाचा वाटतो. जूनमध्ये दक्षिणेकडच्या पाइन बॅरन्स या रानात गुडघाभर गवतात शिरलो आणि रात्री पोटरीवर गोचीड सापडली. या गोचिडींमुळे लाइम रोग होतो, त्यामुळे पुढचे काही आठवडे कातडीवर चट्टा उठतो का हे पाहण्यात गेले. आता रानातले डबे पानगळ झाल्यावर आणि शहरातले उन्हाळ्यात, अशी वाटणी ठेवली आहे.

ह्यूस्टन, टेक्सास

आमच्याकडे २५४ काउंट्या आहेत, त्यामुळे इथे आखणी नाही तर काहीच नाही. माझे १९० च्या आसपास झाले आहेत आणि उरलेले निवृत्तीपर्यंत पुरावेत, असा हिशोब आहे.

माझी पद्धत सांगतो. प्रत्येक काउंटीसाठी एक नव्हे, तीन डबे निवडायचे. तिन्ही हमरस्त्यापासून अर्ध्या मैलाच्या आत, काठिण्य (पाचपैकी) दोनच्या खाली आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत कुणाला तरी सापडलेले असले पाहिजेत. एकच डबा धरून गेलात आणि तो पुरात वाहून गेलेला असला, तर नकाशात भोक पडते आणि त्यासाठी चारशे मैल परत जावे लागते. सारी यादी आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावी, कारण पश्चिम टेक्सासात तासन्‌तास रेंज मिळत नाही. राज्याच्या उत्तर टोकाच्या पॅनहँडल भागातल्या बऱ्याच काउंट्या साधारण तीस मैल बाजूच्या चौकोनी आहेत. त्यांचे कोपरे जुळतात तिथे मुक्काम केला, तर सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत चार होतात. लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसे होती. आमच्या इमारतीत याहून अधिक आहेत.

गावात डबी सहसा दुकानाच्या वाहनतळावर असते. दिव्याच्या खांबाच्या पायाशी बोल्ट झाकणारे पत्र्याचे झाकण वर सरकवले की आत हात घालता येतो. पण आधी काडी फिरवावी, कारण तिथे गांधीलमाशा पोळे करतात. एका गावात संध्याकाळी दफनभूमीच्या कुंपणाशी वाकून शोधताना पोलिसाने हटकले. त्याला खेळ समजावून सांगायला वीस मिनिटे लागली, आणि मग डबी त्यानेच शोधून दिली.

सॅन होजेकरांचे ‘दूरचे आधी’ हे मत इथे चालत नाही, कारण इथे सगळेच दूर आहे.

डब्लिन, आयर्लंड

आयर्लंड बेटावर ३२ काउंट्या आहेत; २६ प्रजासत्ताकात आणि सहा उत्तर आयर्लंडमध्ये. २६ पुऱ्या व्हायला दोन वर्षे पुरली आणि पुढच्या सहांनी तेवढाच वेळ घेतला, कारण त्या ब्रिटनच्या हद्दीत आहेत. सीमेवर ना फाटक, ना चौकी. वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर गेल्या की समजायचे, हद्द ओलांडली. पण भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्यांना पलीकडे जायला ब्रिटनचा व्हिसा लागतो. ‘कोण विचारतंय’ असे सांगणारे पुष्कळ भेटले. आम्ही मात्र ऐकले नाही, डब्यासाठी राहण्याचा परवाना कोण धोक्यात घालील? व्हिसा आल्यावर अँट्रिम ते फर्मानाग असा मार्ग लावून सहाही काउंट्या चार दिवसांत एकदमच केल्या. ज्यांना व्हिसा काढायचा आहे त्यांनी मार्ग आधी लावावा, सुट्टी नंतर मागावी.

सिएटल, वॉशिंग्टन

३९ पैकी ३८ झाल्या आहेत. सॅन हुआन काउंटी सगळी बेटांची, अनाकोर्टिसहून फेरीबोटीने जायचे. उन्हाळ्यात गाडीसाठी आरक्षण लागते हे धक्क्यावर पोहोचल्यावर कळले. पायी चढलो असतो तरी फ्रायडे हार्बरला उतरून डबा मिळाला असता, हे परत येताना सुचले.

पुणे

मी तलाठी म्हणून निवृत्त झालो. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने असताना त्याच्या अशा तीन सहलींत सामील झालो आणि कागदी नकाशा माझ्या मांडीवर आला. सटर-युबाचा किस्सा वाचून हसू आले, कारण शिवेची भांडणे सोडवण्यात माझी नोकरी गेली आणि त्यांतली निम्मी ओढ्यानदीवरचीच होती. नदी हीच हद्द असेल तर पुलावरचा डबा घेऊ नये, कोणत्या तरी एका काठावरचा घ्यावा, असे मी मुलाला सांगितले आणि तो आता तेच पाळतो.

महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचा असा नकाशा करायचे त्याच्या मनात आहे. परंतु सुट्टीत येऊन डबा ठेवायचा आणि निघून जायचे, हे या खेळाच्या नियमांत बसत नाही. देखभालीला जवळपास कुणीतरी लागते. ते काम त्याने मला दिले आहे. आमच्या तालुक्यातल्या टेकडीच्या पायथ्याचा डबा मी महिन्यातून एकदा पाहून येईन आणि कागद भिजला असेल तर बदलीन, असे कबूल केले आहे. गडावरचा मात्र सांभाळणार नाही, हे त्याला आत्ताच लेखी कळवले आहे.