लंडन-ग्लासगो गाडी वळणावर कलते ती नेमकी कशासाठी?

क्लाइडकाठचा: गेल्या महिन्यात पहिल्यांदाच लंडनच्या युस्टन स्टेशनहून ग्लासगोला पेंडोलिनो या कलणाऱ्या गाडीने आलो. लँकेस्टरपर्यंत काही जाणवलं नाही, पण पुढे डोंगर लागले आणि खिडकीबाहेरची कुरणं एकदम तिरकीच झाली, टेबलावर चहाचा कप होता तो मात्र जागचा हलला नाही, आतला चहापण सपाट. मित्र म्हणाला गाडी उलटू नये म्हणून कलते. खरंय का? आणि आई येतेय, तिला एसटीत घाटातसुद्धा मळमळतं, तिला या गाडीने आणू का?

रूळवेडा: नाही रे, उलटण्याशी त्याचा संबंध नाही. चाकं आणि ती बसवलेली खालची चौकट रुळावर तशीच असतात, कलतो तो फक्त वरचा डबा, जास्तीत जास्त 8 अंश, आणि तो आपल्यासाठी कलतो. वळणावर आपण बाहेरच्या बाजूला ढकलले जातो ना, वेग वाढला की ते वाढतं, उभ्या माणसाचा तोल जातो, तुझा कप घसरला असता. त्यासाठी वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतातच, पण फार उंच करता येत नाही कारण त्याच रुळावरून सावकाश मालगाड्यापण जातात. मग उरलेला कल डब्याने घ्यायचा. लाइन व्हिक्टोरियन काळातली, वळणावळणाची, त्यामुळे न कलणाऱ्या गाड्यांना बऱ्याच ठिकाणी ताशी 110 मैलांवर राहावं लागतं, ही 125 ने जाते. कुठे किती कलायचं याची परवानगी गाडीला रुळांमधल्या बीकनवरून, म्हणजे संदेश देणाऱ्या छोट्या यंत्रांवरून मिळते. आणि डबा वर निमुळता, तोपण यामुळेच, कललेला डबा शेजारच्या गाडीला लागायला नको.

जुनी_गाडी: मळमळीवरून सांगतो, ब्रिटिश रेलची एपीटी ही जुनी कलणारी गाडी डिसेंबर 1981 मध्ये प्रवासी घेऊन धावली तेव्हा लोकांना हाच त्रास झाला. डबा वळणाचा सगळा जोर पुसून टाकायचा, म्हणजे डोळ्यांना जमीन तिरकी दिसतेय आणि कानातला तोलाचा भाग म्हणतोय काहीच झालं नाही. मग कळलं की थोडा जोर जाणवू द्यायचा, कल जरा कमी ठेवायचा. इतकं सापडूनसुद्धा ती गाडी गुंडाळली आणि पेटंट इटलीच्या फियाटला विकली, याचं मला खरंच वाईट वाटतं. नंतर फियाटचा तो रेल्वे विभाग आल्स्टॉमने घेतला आणि आल्स्टॉमनेच बर्मिंगहॅमला या पेंडोलिनो बांधल्या. 1984 साली एपीटीने युस्टन-ग्लासगो 3 तास 52 मिनिटं 40 सेकंदात केलं होतं, 2021 मध्ये पेंडोलिनोने मुद्दाम न थांबता प्रयत्न केला तर 21 सेकंदांनी हुकला! क्रू स्टेशन सोडलं की लगेच खिडकीतून बघ, ती जुनी एपीटी तिथल्या म्युझियममध्ये उभी आहे.

क्लाइडकाठचा: भारी, क्रूला बघतोच. आणि आईचं?

रूळवेडा: आण बिनधास्त. माझ्या सासूबाई दोनदा आल्यात. तोंड गाडीच्या दिशेला येईल अशी सीट बघ, मोबाईल वाचायला देऊ नको, आणि डावीकडची खिडकी मिळाली तर लँकेस्टरनंतर थोडा वेळ समुद्र दिसतो, तो दाखव.