२२१ मूळ संख्या आहे का?

प्रश्न: लेक सहावीत आहे. काल दादरला लोकलची वाट बघताना तिने विचारलं, "आई, २२१ मूळ ना?" २, ३, ५, ७, ११ ने भाग जाईना, म्हणून मी हो म्हटलं. रात्रभर चुटपुट लागून राहिली. नेमकं कुठपर्यंत तपासायचं?

उत्तर: वर्गमुळापर्यंत. १५ चा वर्ग २२५, म्हणजे १४ पर्यंतच्या मूळ संख्या. ताई, तुमची १३ राहिली. १३ × १७ = २२१.

उत्तर: कारणही सांगा तिला. विभाजक जोडीने येतात. दोन्ही १५ किंवा मोठे असते तर गुणाकार २२५ च्या खाली आलाच नसता. माझ्या शिकवणीतली मुलं ९१ लाही हमखास फसतात, तिथे ७ × १३.

प्रश्नकर्ती: आत्ताच वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. १, १३, १७, २२१ तिनेच लिहिले. आता २२३ घेतलाय. १३ ने भागून बाकी २ उरली.