‘स राँद्र’: एक क्रियापद की चार?

फुरसतराव: फ्रेंचच्या वर्गात ‘स राँद्र’चे अर्थ सुटे सुटे पाठ करून घेतात: जाणे, शरण जाणे, आणि पुढे ‘कोंत’ आलं की लक्षात येणे. मला ही पद्धतच पटत नाही. ‘राँद्र’ म्हणजे परत देणे, हवाली करणे; ‘स’ म्हणजे स्वतःला. स्वतःला शत्रूच्या हवाली केलं की शरणागती. ठरल्या जागी स्वतःला हजर केलं की जाणं. ‘कोंत’ म्हणजे हिशेब; तो स्वतःलाच दिला की उमगलं. ‘राँदेव्हू’ही याच क्रियापदाचं आज्ञार्थी रूप, ‘हजर व्हा’. मूळ सांगा, घोकंपट्टी कशाला?

कोथरूडची काकू: ऐकायला गोड आहे. पण मी बी-१ची, म्हणजे मधल्या पातळीची मुलं शिकवते. मूळ अर्थ कळला की ती ‘सिनेमाला जाऊ’लाही हेच क्रियापद लावतात. बोलताना तिथे ‘आले’च येतं (हो, फ्रेंचमध्ये ‘आले’ म्हणजे जाणे, दरवर्षी वर्ग हसतो). राष्ट्राध्यक्ष मार्सेयला ‘स राँद्र’ करतात, आपण भाजी आणायला नाही. हे व्युत्पत्तीतून कसं कळणार? आणि ‘स राँद्र मालाद’, स्वतःला आजारी करून घेणे, यात हवाली काय केलं?

ऱ्हस्वदीर्घ: काकू, लिहिताना मात्र मूळ लागतंच. ‘एल से राँद्यू आ पारी’, ती पॅरिसला गेली: इथे ‘राँद्यू’ला, म्हणजे ‘राँद्र’च्या भूतकाळी रूपाला, स्त्रीलिंगाचा ‘ई’ (e हे अक्षर) लागतो. ‘एल से राँद्यू कोंत’, तिच्या लक्षात आलं: इथे नाही. उच्चार तोच! कारण दुसऱ्या वाक्यात कर्म ‘कोंत’ आहे, आणि ‘स’ म्हणजे ‘स्वतःला’, चतुर्थीतला. हिशेब कोणाला दिला हे कळल्याशिवाय हा ‘ई’ सुटत नाही.

कोथरूडची काकू: तो ‘ई’ फ्रेंच लोकही सर्रास चुकीचा घालतात. मी सरळ सांगते, ‘कोंत’ दिसला की ‘ई’ नाही. एका ओळीत काम झालं.

बिनकामाचा: मग नियमच काढा की! 1990च्या शुद्धलेखन-दुरुस्तीत ‘लेसे’च्या (म्हणजे ‘करू देणे’च्या) भूतकाळी रूपापुढे दुसरं क्रियापद आलं तर ते रूप बदलू नये असं सुचवलंच आहे. ऐकू न येणाऱ्या अक्षरापायी मार्क कापायचे, हा शुद्ध छळ आहे.

फुरसतराव: काकू, ‘राँद्र मालाद’ म्हणजे दुसऱ्याला आजारी करणे. त्याला ‘स’ लावा, झालं. हेही मुळातूनच आलं.

कोथरूडची काकू: म्हणजे ‘हवाली करणे’ एक आणि ‘अमुक करून सोडणे’ दुसरं. मुळं दोन झाली. तिसरं सापडलं की कळवा, परीक्षा मार्चमध्ये आहे.