पारदर्शक अलाइनरने दात सरळ करून घेतलेल्यांनी आपला अनुभव लिहावा

माझे वय ४३ आहे आणि गेल्या काही वर्षांत माझे खालचे पटाशीचे दात एकमेकांवर चढू लागले आहेत. दंतवैद्यांनी तारा किंवा पारदर्शक अलाइनर (दातांवर घालायचे, काढता येणारे प्लास्टिकचे ट्रे) असे दोन पर्याय सांगितले. तारांची माहिती कोणत्याही घरात मिळते, कारण प्रत्येक कुटुंबात तारा लावलेला एखादा भाचा किंवा पुतणी असतेच. अलाइनरविषयी मात्र जे कानावर येते ते एक तर जाहिरातीतले असते किंवा ज्यांनी ते कधी तोंडात घातलेले नाहीत अशांचे मत असते. म्हणून ज्यांनी हा उपचार पूर्ण केला, अर्धवट सोडला किंवा विचारपूर्वक टाळला, अशा सर्वांनी येथे लिहावे, ही विनंती. किती महिने सांगितले होते आणि प्रत्यक्षात किती लागले, दिवसाचे बावीस तास ट्रे घालणे कसे जमले आणि खर्च किती आला, हे वाचायला विशेष आवडेल. डॉक्टरांची नावे आणि कंपन्यांच्या शिफारशी कृपया नकोत.

पुण्यातून, वय ३६

शाळेत असताना मी दोन वर्षे तारा वापरल्या होत्या. त्या काढल्यावर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून दिलेला रिटेनर मी वर्षभरात कपाटात टाकला आणि तिशीपर्यंत समोरचे दोन दात पुन्हा तिरके झाले. म्हणजे ही माझी दुसरी खेप होती आणि चूक माझीच होती.

मला बावीस ट्रे दिले होते. प्रत्येक ट्रे दोन आठवडे, म्हणजे साधारण दहा महिने, असा हिशोब होता. प्रत्यक्षात सोळा महिने लागले, कारण मध्ये पुन्हा स्कॅन करून बारा ट्रे वाढवावे लागले. खर्च १,४०,००० रुपये आला आणि वाढीव ट्रे त्यातच धरलेले होते. ही अट सुरुवातीलाच लेखी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

बावीस तासांचे गणित कागदावर सोपे दिसते. नाश्त्याला वीस मिनिटे, दोन जेवणांना अर्धा-अर्धा तास, त्यात प्रत्येक वेळचे दात घासणे धरले की उरलेले दोन तास तिथेच संपतात, आणि चहाला जागाच राहत नाही. माझे ऑफिसातले दिवसाला पाच चहा होते. ट्रे घालून गरम चहा प्यायला तर प्लास्टिकचा आकार बिघडतो आणि साखर ट्रेच्या आत दाताला चिकटून राहते. ट्रे काढून प्यायचा तर प्रत्येक वेळी बेसिनपाशी जाऊन चुळा भरायच्या आणि तोपर्यंत ट्रे डबीत ठेवायचा. महिनाभर ही कसरत केल्यावर मी पाचावरून दोन चहांवर आले. वजन तीन किलोने कमी झाले, कारण येता-जाता तोंडात टाकले जाणारे शेंगदाणे आणि चिवडाही बंद झाला.

नवव्या ट्रेच्या वेळी दिवाळी आली आणि आठवडाभर मी जेमतेम बारा-तेरा तास ट्रे घातला. पुढचा ट्रे लावला तेव्हा दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यामध्ये स्पष्ट पोकळी दिसू लागली. डॉक्टरांनी मला पुन्हा आठव्या ट्रेवर पाठवले. ते रागावले नाहीत. ‘दर नोव्हेंबरात असे पाच-सहा जण येतात,’ एवढेच म्हणाले.

साताऱ्याहून, शिक्षिका

मी सहावी-सातवीला मराठी शिकवते, त्यामुळे माझी भीती दिसण्यापेक्षा बोलण्याची होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. आपल्या भाषेत चमच्यातला ‘च’ आणि चहातला ‘च’ वेगळा असतो, हे आपण बोलताना विसरून गेलेले असतो. ट्रे घातल्यावर त्याची आठवण झाली. चमच्यातला ‘च’ काढताना जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते आणि नेमके तिथेच प्लास्टिकचे आवरण येते. पहिल्या दिवशी हजेरी घेताना ‘पाच’ आणि ‘चाळीस’ या दोन क्रमांकांना माझ्या तोंडून शिट्टीसारखा आवाज निघाला आणि शेवटच्या बाकावरून त्याची तत्काळ नक्कल झाली.

मी मुलांना ट्रे काढून दाखवला, तो कशासाठी आहे ते सांगितले आणि विषय तिथे संपला. घरी रोज रात्री वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचण्याचा परिपाठ ठेवला. दहा-बारा दिवसांत उच्चार पूर्ववत झाले. त्यापेक्षा अधिक त्रास अटॅचमेंटचा झाला. ट्रेची पकड बसावी म्हणून दातांवर त्यांच्याच रंगाचे लहान उंचवटे चिकटवतात. ‘अदृश्य उपचार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या पद्धतीत माझ्या तोंडात असे चौदा उंचवटे होते आणि ट्रे काढला की ओठ आतून सोलवटत असे. हळद घातलेल्या साध्या भाजीची गोष्ट सांगते: उंचवट्यांच्या कडा पिवळ्या दिसू लागतात, आणि ट्रे न घासता घातला तर तोही पिवळा पडतो.

नाशिकहून, ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारा तज्ज्ञ)

वरच्या दोन्ही अनुभवांतले बारकावे अचूक आहेत. त्यामागची कारणे थोडी सविस्तर मांडतो.

दात हाडात पक्का रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतका पातळ असा तंतूंचा थर असतो. ट्रेने दाताला एका बाजूला रेटले की त्या बाजूला हाड हळूहळू विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. हे काम पेशींचे असल्यामुळे त्याला सातत्याचा दाब आणि वेळ दोन्ही लागतात. एका ट्रेने दात साधारण पाव मिलिमीटर सरकावा अशी आखणी असते. दिवसाचे बारा तासच ट्रे घातला तर दात पुढे सरकण्याऐवजी मागे-पुढे होत राहतो; साताठ दिवसांच्या दिवाळीने महिन्याचे काम कसे बिघडते, त्याचे उत्तर यात आहे.

दातांमध्ये जागा कमी असेल तर आम्ही शेजारच्या दोन दातांच्या मधून बारीक खरखरीत पट्टी फिरवून दोन ते पाच दशांश मिलिमीटर एनॅमल, म्हणजे दाताचे वरचे कठीण कवच, घासतो. रुग्णांना याची फार धास्ती वाटते. एनॅमल पुन्हा उगवत नाही, हे खरे आहे, म्हणूनच कोणत्या दातांमध्ये किती घासणार हे आधी विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मर्यादेत केलेल्या घासण्याने दात किडतो, हा मात्र गैरसमज आहे.

दात टप्प्याटप्प्याने सरकवत न्यायची कल्पना तशी जुनी आहे. हॅरॉल्ड केसलिंग या अमेरिकी दंतवैद्याने १९४५ सालीच रबरी साच्याने दात हलवण्याची पद्धत मांडली होती. पण प्रत्येक टप्प्याचा साचा हाताने बनवणे व्यवहारात शक्य नव्हते. १९९७ साली कॅलिफोर्नियात झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी स्थापन केली आणि ते टप्पे संगणकावर आखण्याची व्यवस्था केली. दोघेही व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी होते, दंतवैद्य कोणीच नव्हते. चिश्तींनी स्वतः मोठेपणी तारा वापरल्या होत्या आणि पुढे रिटेनर वापरताना त्यांना हे सुचले. आज दातांच्या स्कॅनवरून टप्प्याटप्प्याचे साचे छापतात आणि त्यांवर प्लास्टिकचा पत्रा तापवून दाबतात.

दात कसे सरकतील हे दाखवणारी संगणकावरची चित्रफीत मात्र भविष्यवाणी नसते. लग्नपत्रिकेत मुहूर्त छापलेला असतो, पंगत किती वाजता उठेल ते छापलेले नसते. दातांची साधारण दाटी, फटी आणि कललेले दात अलाइनरने चांगले सुधारतात. सुळे आणि खालच्या उपदाढा गोलसर असल्यामुळे त्यांना फिरवताना प्लास्टिक निसटते. दात खाली ओढून आणणे किंवा दात काढून झालेली मोठी जागा शेजारचे दात मुळासकट सरकवून बंद करणे, ही कामे तारांनी अधिक खात्रीने होतात. त्यामुळे वाढीव ट्रे लागणे याला अपयश समजू नये. बहुतेक उपचारांत एखादी फेरी लागतेच.

ठाण्यातून, वय ३९

माझा अनुभव चांगला नाही, तरी लिहितो. निम्म्या किमतीत मिळतात म्हणून मी एका कंपनीकडून घरबसल्या अलाइनर मागवले. घरी पुट्टीचा संच आला, त्यात दात रुतवून मीच माप घेतले, फोनवर फोटो पाठवले आणि सहा आठवड्यांत डबा दारात आला. कोणीही माझ्या तोंडात प्रत्यक्ष पाहिले नाही आणि एक्स-रे तर कोणी मागितलाच नाही.

दात घासताना माझ्या हिरड्यांतून अधूनमधून रक्त येत असे, पण ते मी कधी मनावर घेतले नव्हते. पाचव्या महिन्यात खालचा एक दात जिभेने हलवता येऊ लागला. तेव्हा घराजवळच्या हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढून दाखवला: त्या दाताभोवतीचे हाड आधीच आजाराने निम्मे झिजलेले होते आणि त्यावर मी ट्रेचा दाब दिला होता. उपचार तिथेच थांबला. हिरड्यांची खोलवर स्वच्छता केली, खालचे सहा दात मागून तारेने एकमेकांना बांधले आणि आता दात टिकला आहे. कंपनीने पैसे परत केले नाहीत. धागाकर्त्या ताईंचे वय माझ्यापेक्षा थोडे अधिक आहे आणि त्यांचेही खालचेच दात हलले आहेत, म्हणून सांगतो: या वयात दात जागा सोडतात तेव्हा आधी हिरड्या तपासून घ्याव्यात.

न्यू जर्सीहून, वय ४८

ठाण्याच्या मित्रांनी लिहिलेला प्रकार येथे फार फोफावला होता. त्यातली सर्वांत मोठी कंपनी, स्माइलडायरेक्टक्लब, सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबरात बंद पडली. उपचार अर्ध्यावर असलेल्यांना आपल्या गावातल्या दंतवैद्याचा सल्ला घ्या, एवढेच उत्तर मिळाले. मी त्या वाटेने गेलो नव्हतो.

मला ५,४०० डॉलर खर्च आला. माझ्या विम्याने ऑर्थोडॉन्टिक्ससाठी आयुष्यभरात एकदाच १,५०० डॉलर देण्याची मर्यादा ठेवली आहे. कित्येक योजनांत प्रौढांना तेही मिळत नाहीत. साहजिकच भारतात जाऊन करून यावे, असा विचार मनात आला होता आणि पुण्यातला खर्च विचारलाही होता. पण दर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी, मध्येच निखळलेला उंचवटा, ऐनवेळी लागणारा नवा स्कॅन, हे सारे विमानाच्या तिकिटांवर बसवता येत नाही. सुट्टीत दाताचे रूट कॅनाल करून घेणे वेगळे आणि दीड वर्षाचा उपचार वेगळा.

मडगावहून, चौदा वर्षांच्या मुलीची आई

आम्ही अलाइनर निवडले ते मुलीच्या हट्टासाठी. वर्गात तारा दिसायला नकोत, एवढाच तिचा मुद्दा होता. सात महिन्यांत तिने तीन ट्रे हरवले. पहिला शाळेत कागदी रुमालात गुंडाळून ठेवला आणि रुमालासकट फेकला. दुसरा कुत्र्याने चावला, कारण कुत्र्यांना लाळेचा वास खुणावतो. तिसरा माझ्या भाच्याच्या लग्नात गेला. जेवायला बसताना तिने तो काढून केळीच्या पानाखाली सरकवला, आणि पंगत उठल्यावर वाढपी पाने गुंडाळून घेऊन गेले. तिच्या वडिलांनी आणि मी मांडवामागे जाऊन तीन टोपल्या उपसल्या. ट्रे सापडला नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी तिच्याशी माझ्यापेक्षा अधिक मोकळेपणाने बोलून तारा लावायचे ठरवले. आता तारा तोंडातून काढताच येत नाहीत, त्यामुळे आम्हा दोघींतले भांडण संपले आहे. तारांवर तिने स्वतःहून निळे रबर निवडले.

नागपूरहून, वय ६१

मी विचार करून हा उपचार टाळला. माझा चावा व्यवस्थित आहे, हिरड्या निरोगी आहेत आणि एक सुळा किंचित बाहेर आहे, असे तज्ज्ञांनी तपासून सांगितले. त्यावर मी विचारले की न केल्यास काय होईल. ते म्हणाले, ‘फोटोत सुळा दिसेल.’ तो गेली पंचेचाळीस वर्षे दिसतोच आहे.

डोंबिवलीहून, वय ४४

माझा उपचार संपून पाच वर्षे झाली. या उपचाराचा खरा शेवट होत नाही, हे मला शेवटच्या ट्रेच्या दिवशी कळले. खालच्या दातांच्या मागे कायमची बारीक तार बसवली आहे आणि वरच्या दातांसाठी रात्रीचा रिटेनर आहे. तो किती वर्षे घालायचा, असे विचारल्यावर डॉक्टरांनी ‘दात सरळ हवे असतील तितकी वर्षे’ असे उत्तर दिले. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने रुग्णालयात होते, त्या तीन आठवड्यांत रिटेनर घरीच राहिला. परत आल्यावर तो इतका घट्ट बसला की पहिल्या दोन रात्री झोप लागली नाही. चौथ्या आठवड्यानंतर कदाचित बसलाच नसता. दर दोनेक वर्षांनी तो चिरतो आणि नवा करावा लागतो. त्याचा खर्च कोणी आधी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

आमच्या घरी बेसिनवर रात्री दोन डब्या असतात. एकीत सासूबाईंची कवळी आणि दुसरीत माझा रिटेनर. मागच्या पावसाळ्यात वीज गेलेली असताना अंधारात मी चुकीची डबी उघडली. त्या आठवड्यात सासूबाईंनी स्वतः माझ्या डबीला लाल दोरा बांधून दिला.